मधला डबा

आमच्या तांबडीचा आवाज ओळखत नाही असा माणूस विश्रामबागेत शोधून सापडायचा नाही. तांबडी म्हणजे गाय नव्हे, गाडी. माझे सासरे जयपाल यांनी हळदीच्या एका चांगल्या हंगामानंतर हौसेनं घेतलेली लाल, टर्बो इंजिनाची परदेशी गाडी. त्या काळी सांगलीत टर्बो म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं आणि मामंजी ते कुणी न विचारताच सांगायचे. ते गेले, गाडी राहिली, आणि गाडीचं वेड माझ्या नवऱ्याकडे, भरतेशकडे आलं. माझ्या वाढदिवसाची त्याला दरवर्षी आठवण करून द्यावी लागते, पण तांबडीचं ऑइल कधी बदललं ते झोपेतून उठवून विचारा, लगेच सांगेल.

गाडी वीस वर्षांची झाली तशी तिचा सायलेन्सर कुजायला लागला. एकदम नाही, दोन-तीन वर्षं हळूहळू. आधी नुसती घरघर होती, मग भडभड झाली आणि शेवटी शेजारच्या लालासाहेबांच्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. लालासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सज्जन, पण संध्याकाळी व्हरांड्यात डुलकी काढायची सवय. ते फाटकाशी येऊन म्हणायचे, "वैनी, तुमचं मालक आलं की मला वाटतं कोयनेला हादरा बसला. पायात चप्पल घालूनच झोपतो आता मी."

मी हसून वेळ मारून न्यायची. मनातून मीही वैतागले होते. त्या आवाजाची बाजू घेणारं एकच माणूस आमच्या गल्लीत होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई चंदनबाला. भरतेश त्यांना अव्वा म्हणतो, म्हणून मीही अव्वाच म्हणते.

"कुठं काय आवाज करती ती?" अव्वा लालासाहेबांना भिंतीवरून ठणकावायच्या. "पयल्यासारखीच तर हाय. लोकास्नी दुसऱ्याची गाडी बघवत न्हाई, दुसरं काय!"

लालासाहेब कपाळाला हात लावायचे. मी म्हणायचे, लेकाची गाडी आहे, आईला गोडच लागणार.

अव्वांचं त्या आवाजावाचून अडायचं, त्यालाही कारण होतं. आमच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं. जैन घरांतली ही रीत जुनीच. हल्ली पुष्कळजण सवलत घेतात. बाहेरगावी असले की मीही घेते. अव्वा घेत नाहीत. दिवस बुडला की अन्न नाही आणि पाणीही नाही, ते थेट सकाळी ऊन पडल्यावर. त्यात मामंजी गेल्यापासून त्यांनी आपल्या पदरचा आणखी एक नियम जोडला: भरतेश घरी आल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. भरतेशचं ठिबकच्या पाइपांचं दुकान तासगावला. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, तेव्हा निभावतं. हिवाळ्यात मात्र रोज सूर्य आणि माझा नवरा यांची शर्यत लागते.

म्हणून आमची रोजची संध्याकाळ ठरलेली. मी पतसंस्थेतून येऊन भाकरीचं पीठ मळून ठेवायची. अव्वा मागच्या पडवीत डोळे मिटून जपमाळ ओढत बसायच्या. तांबडी पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर वळली की त्यांची माळ थांबायची. "आला," त्या म्हणायच्या. मला सांगायला नाही, स्वतःशीच. मग उठून हात धुवायला जायच्या आणि मी तवा चढवायची. आमच्या घरातली घंटा म्हणजे अव्वांचा तो 'आला'. तो म्हणताना त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते मला देवळातसुद्धा दिसलेलं नाही.

डिसेंबरात बुधगावजवळ सायलेन्सरचा मागचा डबा एका बाजूनं सुटला आणि ठिणग्या उडवत रस्त्यानं फरफटत घरापर्यंत आला. लालासाहेबांनी स्वतः तार आणून दिली, स्वतः गाडीखाली वाकून ती बांधू लागले, आणि म्हणाले, "भरतेश, मी हात जोडतो. आता तरी बदल."

बदलायचा म्हणजे साताऱ्याला जायचं, हे भरतेशचं कधीच ठरलेलं होतं. तिथं औद्योगिक वसाहतीच्या कडेला हंबीरराव नावाचे गृहस्थ फक्त सायलेन्सरचंच काम करतात. गेले कित्येक महिने माझा नवरा झोपताना कानात इअरफोन घालून देशोदेशीच्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि मध्येच अंधारात "वा!" म्हणायचा. याला एकट्याला पाठवलं तर हा तोफ बसवून येईल, अशी मला खात्री होती. रविवारी मीही गाडीत जाऊन बसले.

हंबीररावांची हयात फौजेत ट्रकांच्या इंजिनांत गेलेली. मिशा भरघोस, आणि बोलणं सुरू झालं की थांबायचं नाव नाही. त्यांनी तांबडी उचलून वर घेतली, खालून विजेरी मारली आणि खूश होऊन म्हणाले, "ह्यात आता सायलेन्सर कमी आनि गंज जास्त हाय. सगळं साफ. फिकर नॉट."

"मला खर्जातला आवाज पाहिजे," भरतेश म्हणाला.

"मला आवाजच नको," मी म्हणाले.

हंबीररावांनी दोघांकडं पाहिलं आणि चहा सांगितला. अशी जोडपी त्यांच्याकडं नेहमीच येत असणार.

"असं बघा वैनी," ते म्हणाले, "टर्बोची गाडी म्हंजी पळणारा गडी. त्याला श्वास मोकळा पायजे. म्हनून कंपनीचा बारीक पायप काढायचा आनि अडीच इंची टाकायचा. टर्बोचा पंखा निम्मा आवाज आदीच खातोय. ऱ्हायल्याला मारायला दोन डबे. मागचा डबा आवाज मारतोय. मधला डबा घुमनं मारतोय."

"घुमणं म्हणजे?"

"भाईर न्हाई कळत, आत बसल्याव कळतंय. गाडी ऐंशीला गेली की घूं घूं घुमतंय, टाळकं उठतंय. लोकं हौसंनं मधला डबा काढत्यात आनि म्हैन्यानं डोकं धरून माझ्याकडंच येत्यात."

"मग दोन्ही लावा," मी म्हणाले.

"अगं, मधला नको की," भरतेश कळवळून म्हणाला. "जरा तरी खर्ज ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे. मी एसटीनं जाते."

दोन्ही डबे लागले. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा गाडी चालू आहे की बंद, हे बघायला भरतेशला दोनदा काट्याकडं पाहावं लागलं. कराडच्या पुढं तर मला त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. तो घुम्यासारखा गाडी चालवत होता आणि मी पाचगणीची स्ट्रॉबेरी खात, जिंकल्याच्या आनंदात खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी संध्याकाळी मी पीठ मळून ठेवलं. अव्वा पडवीत माळ ओढत बसल्या. ऊन भिंतीवरून चढत चढत वरच्या कौलांवर गेलं. मी दारात येऊन टाकीकडं बघावं म्हणून निघाले तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी परत फिरले. अव्वांनी एकदा डोळे उघडून आकाशाकडं पाहिलं आणि परत मिटले. थोड्या वेळानं त्यांनी माळ पिशवीत घातली.

"ऱ्हाऊ दे गं आता," त्या म्हणाल्या. "दिवस बुडला."

त्याच वेळी भरतेश हसत आत आला. हात काळे, शर्टाला माती. तो केव्हाच आलेला होता. फाटकाशी लालासाहेब अभिनंदन करायला थांबले होते, आणि हा त्यांना गाडीखाली आडवं करून मधला डबा दाखवत बसला होता. उन्हं असताना आलेला माणूस, आणि घरात कुणाला पत्ताच नाही! मलाही कळलं नव्हतं. मी पुष्कळ विनवलं, पण अव्वा पाण्याचा घोटसुद्धा न घेता झोपायला गेल्या. भरतेश ताटाकडं बघत बसून राहिला आणि तोही जेवला नाही. मी उरलेली स्ट्रॉबेरी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाकीपासून हॉर्न वाजवत गाडी आणली. अव्वा जागच्या हलल्या नाहीत. मी जाऊन सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हॉर्न काय, कुनाचाबी असतोय." तिसऱ्या दिवशी त्यानं मला फोन केला आणि मी पडवीत जाऊन म्हटलं, "अव्वा, हे आले." त्या उठल्या, जेवल्या. ताटावरून उठता उठता म्हणाल्या, "तू कशाला सांगाय पायजेस? मला कळत न्हाई व्हय?"

त्यांचा मान दुखावला होता. लेक आल्याचं सुनेनं येऊन सांगायचं आणि मग आपण उठायचं, हे त्यांना सोसेना. पुढं तर मी सांगायच्या आधीच त्या अंदाजानं येऊन ताटावर बसायला लागल्या. रिकामं ताट पुढ्यात, नजर दाराकडं. एकदा ठामपणे म्हणाल्या, "आला बघ." मी तवा चढवला. बाहेर जाऊन पाहते तर पाण्याचा टँकर. मी हसले. अव्वा हसल्या नाहीत.

"भरत्या," त्या रात्री त्यांनी सुनावलं, "असली मुकी गाडी मला नको. तुझ्या बाची गाडी हाय ती. रविवारी मी येतो साताऱ्याला. आवाज मीच निवडणार."

भरतेशला आकाश ठेंगणं झालं. मला डोळा मारून तो अंगण ओलांडून लालासाहेबांना सांगायला गेला, आणि लालासाहेब चपला शोधायला लागले.

रविवारी निघायला उशीर झाला. अव्वांनी गाळलेल्या पाण्याची बाटली आणि धपाट्यांचा डबा सोबत घेतला, कारण परत यायला अंधार होणार हे उघड होतं. आम्ही हंबीररावांकडं पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. त्यांनी अव्वांना वाकून नमस्कार केला आणि शेडच्या सावलीत, गाडीपासून जरा लांब खुर्ची ठेवली.

"आई, आदी हाय तशी ऐकवतो," ते म्हणाले. "मग तुमी सांगाल तसं बदलू."

अव्वा खुर्चीत बसल्या. माळ ओढताना बसतात तशाच, डोळे मिटून, हात मांडीवर. भरतेश आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. मागच्या नळीशी हंबीररावांच्या पोरांनी टाकलेलं एक फडकं पडलं होतं, ते हलायला लागलं. आम्ही अव्वांच्या तोंडाकडं बघत उभे राहिलो. अव्वा तशाच बसून होत्या. भरतेशनं थोडा ॲक्सिलरेटर दिला. तरी त्या तशाच.

"लाव की रं चालू," अव्वा म्हणाल्या. "कवाधरनं बसलोय मी."

"आवं आई, ही तर चा..." हंबीरराव म्हणायला लागले. मी त्यांच्या बाहीला धरलं. ते थांबले.

मला एकेक आठवायला लागलं. 'कुठं काय आवाज करती ती?' लालासाहेबांच्या काचा थरथरत असताना अव्वा हे म्हणत होत्या आणि आम्ही त्याला माया म्हणत होतो. हॉर्न कुणाचाही असतो, म्हणाल्या. तो त्यांना ऐकूच आला नव्हता. इकडं सायलेन्सर कुजत गेला, तिकडं त्यांचे कान जात गेले. आवाज वाढला तेवढंच ऐकणं कमी झालं. त्यामुळं गाडी त्यांना खरंच पहिल्यासारखीच येत होती. आम्ही नवा सायलेन्सर बसवला आणि एका दिवसात त्यांचा लेक नाहीसा केला. मी त्यांच्या शेजारी बसून रोज जेवते, आणि मला कळू नये! मला रडू आलं आणि माझा मलाच राग आला.

एवढ्यात अव्वांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हंबीररावांकडं पाहिलं, मग त्या हलणाऱ्या फडक्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर वर घेऊन दोन्ही कानांवरून ओढला.

"गार वारं सुटलंय," त्या म्हणाल्या. शेडमध्ये वाऱ्याचा मागमूस नव्हता.

भरतेशला आत बसून यातलं काहीच कळलं नव्हतं. तो काच खाली करून विचारत होता, "कसा काय वाटला, अव्वा?"

"हंबीरराव," मी म्हणाले, "मधला डबा काढा."

भरतेश ताडकन बाहेर आला. "काय? तूच तर त्यासाठी एसटीनं निघाली होतीस."

"काढा म्हणते ना."

हंबीररावांनी मला वेल्डिंगच्या यंत्राजवळ बाजूला घेतलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "माझ्या बाचं असंच झालं हुतं, वैनी. बारीक आवाज आदी जात्यात. जाड मागनं. आईस्नी जाड आवाज येतोय अजून." मला टँकर आठवला. "मागचा डबा ठिवू, गल्लीला तरास न्हाई. मधल्याच्या जागी सरळ पायप टाकतो. घुमंल. पन आत बसनाऱ्याचं टाळकं उठंल, आदीच सांगतो."

"उठू दे," मी म्हणाले.

काम होईपर्यंत उन्हं शेडच्या पत्र्यावर गेली. भरतेश परत आत बसला. अव्वा परत खुर्चीत बसल्या, पण या वेळी त्यांनी डोळे मिटायला वेळ लावला. माझ्याकडं एकदा बघून घेतलं. मग मिटले.

गाडी सुरू झाली. बाहेर फार आवाज नव्हता, पण ॲक्सिलरेटर वाढवला तसं जमिनीतून काहीतरी जाड, घुमारेदार वर यायला लागलं. माझ्या छातीत कळलं. हंबीररावांच्या टेबलावरचे लोखंडी पाने खुळखुळले.

"आला," अव्वा म्हणाल्या.

आणि त्या उठल्या, नेहमीसारख्या हात धुवायला. चार पावलं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे घर नव्हे. त्या नळ शोधत उभ्या राहिल्या. हंबीररावांनी धावत जाऊन पाण्याची बादली आणली. मी डबा उघडला. दिवस बुडायला अजून थोडा अवकाश होता. गाड्यांच्या सुट्या भागांच्या पसाऱ्यातच सतरंजी टाकून आम्ही चौघं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी जेवलो. हंबीररावांनी सवयीनं कांदा मागितला आणि अव्वांनी डोळे वटारल्यावर फौजी सलाम ठोकला.

परतीच्या वाटेवर तांबडी ऐंशीला गेली आणि हंबीरराव बोलले होते ते सुरू झालं. घूं घूं घूं. माझ्या दाढा हलायला लागल्या. मागं अव्वा पाळण्यात घातल्यासारख्या गाढ झोपल्या होत्या.

"अगं, का करायला लावलंस हे?" पेठ नाका मागं पडल्यावर भरतेशनं विचारलं. मी सांगितलं.

"कवापसनं?" त्यानं विचारलं.

"सायलेन्सर कुजायला लागला तवापसनं."

त्यानं डोळे पुसले आणि वेग अजिबात कमी केला नाही.

पुढं मी अव्वांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. आधी चिडल्या, मग आल्या. मशीन मिळालं. प्रवचनाला लावून जातात, लालासाहेबांशी भिंतीवरून भांडतानाही लावतात. आता तर त्यांना लालासाहेबांचं पुटपुटणंसुद्धा ऐकू येतं आणि भांडण जास्त रंगतं. गल्लीला गाडीचा त्रास नाही. त्रास आहे तो भरतेशला. रोज तासगावहून येतो तो कपाळ दाबतच.

एका रविवारी तो मला हळूच म्हणाला, "सुंदरी, आता मशीन हाय म्हटल्यावर मधला डबा परत बसवूया काय?"

अव्वा मशीन लावून शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं.

"लोकांचं मशीनीतनं ऐकीन रं," त्या म्हणाल्या. "तुझं न्हाई."

मधला डबा माळ्यावर आहे. संध्याकाळ झाली की अव्वा मशीन काढून त्याच्या डबीत ठेवतात आणि पडवीत डोळे मिटून बसतात. मी पीठ मळते. टाकीच्या कोपऱ्यावर अजून काही दिसत नाही, मला काही ऐकू येत नाही, आणि मांडणीवरच्या ताटल्या हलक्याच किणकिणायला लागतात.

"आला," अव्वा म्हणतात, आणि मी तवा चढवते.